क्रीडासंस्थेच्या कारभाऱ्याची पारख

माझें घर रत्नागिरीच्या मांडवीस आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून सायंकाळीं धक्क्यावर जाऊन बसण्याचा माझा परिपाठ आहे. तेथून मिरकरवाड्याकडे परतणाऱ्या होड्या दिसतात. समुद्रावर सारा जन्म काढलेल्या एका वृद्ध गृहस्थांस मीं एकदां विचारलें, "चांगला तांडेल कोणता, हें ओळखावें कसें?" मला वाटलें, ते वाऱ्याचें ज्ञान, पाण्याचा अंदाज, जाळें टाकण्याची जागा असें कांहीं सांगतील. ते म्हणाले, "मास्तर, ज्या दिवशीं जाळें रिकामें येतें, त्या दिवशीं तो खलाशांशीं कसा बोलतो तें बघावें."

श्रोतेहो, आज मला हाच प्रश्न समुद्रावरून उचलून मैदानावर आणावयाचा आहे. खेळाडूची पारख त्या मानानें सोपी असते. त्यानें किती धावा काढल्या, किती गडी बाद केले, कुस्ती कोणत्या डावावर मारली, हें सर्वांच्या डोळ्यांदेखत घडतें आणि कागदावर नोंदलें जातें. परंतु त्या खेळाडूस निवडणारा, त्याच्या प्रवासाची सोय करणारा, मैदान देणारा अथवा नाकारणारा, त्याची तक्रार ऐकणारा अथवा टोपलींत टाकणारा जो कारभारी, त्याच्या नांवापुढें कोणताच फलक लागत नाहीं. अध्यक्ष, चिटणीस, निवड-समितीचा प्रमुख, पथकाचा व्यवस्थापक अशीं त्याचीं नांवें अनेक आहेत. पण त्याचें काम बहुधा बंद दाराआड चालतें.

मग आपण घरीं बसून त्याच्याविषयीं मत बनवितों तें कशावरून? बहुधा दोन मापांवरून. संघ जिंकला कीं कारभारी थोर, आणि हरला कीं तो नालायक, हें पहिलें माप. दुसरें माप ऐकीव गोष्टीचें. "ते अमक्यास असें असें बोलले म्हणे," एवढ्यावर आपण एखाद्याच्या साऱ्या आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतों. हीं दोन्ही मापें खोटीं आहेत असें मला अनुभवांतीं वाटूं लागलें आहे. खरें माप तिसरेंच आहे. ज्याच्याकडून आपणांस कांहीं मिळावयाचें नाहीं, आणि ज्यास आपण कांहीं देऊं शकत नाहीं, अशा माणसाशीं अधिकारावरील मनुष्य कसा वागतो, तें पाहावें. आणि तेंही एकदां नव्हे, अनेक वर्षें पाहावें.

कामकाजांतील सौजन्य म्हणजे गोड बोलणें नव्हे. गोड बोलून वर्षभर हेलपाटे घालावयास लावणारे लोक आपण पाहिले आहेत. माझ्या मतें हें सौजन्य चार साध्या गोष्टींत असतें. आलेल्या पत्रास उत्तर देणें, तक्रार करणाऱ्याचें म्हणणें शेवटपर्यंत ऐकून घेणें, नकार द्यावयाचा झाल्यास तो कारण सांगून आणि समोरच्याचा मान राखून देणें, आणि ज्या घटकेस आपली गरज आहे त्या घटकेस आपल्या जागेवर असणें. यांपैकी एकीसही पैसा लागत नाहीं. तरी या चार गोष्टींच्या अभावीं केवढें नुकसान होतें, आणि त्या असल्या म्हणजे केवढें काम होतें, हें महाराष्ट्रांतीलच दोन प्रसंगांवरून पाहूं.

पहिला प्रसंग कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे मल्ल खाशाबा जाधव यांचा. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते गेले तेव्हां त्यांच्या प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला होता, आणि तेथें त्यांचा सहावा क्रमांक लागला. पुढें १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं निवड होण्याच्या वेळीं आपणांवर अन्याय झाला असें त्यांस वाटलें. त्या वेळीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष पतियाळाचे महाराज यादवेंद्रसिंह होते. खाशाबांनीं त्यांच्याकडे दाद मागितली. एका खेड्यांतील मल्लाची तक्रार एका महाराजानें ऐकलीच पाहिजे असा कांहीं कायदा नव्हता. परंतु त्यांनीं ती ऐकली, पुन्हां कुस्ती लावण्याची व्यवस्था केली, आणि खाशाबांनीं ती कुस्ती मारून आपली जागा मिळविली. यांत महाराजांनीं खाशाबांस कांहीं दान दिलें नाहीं, पक्षपातही केला नाहीं. त्यांनीं फक्त ऐकून घेतलें आणि निर्णय आखाड्यावर सोंपविला. क्रीडासंस्थेच्या अध्यक्षाकडून याहून अधिक सौजन्याची अपेक्षा करण्याचें कारण नाहीं; पण याहून कमीही असूं नये.

पैशाचा प्रश्न राहिलाच होता. तो सोडविण्यास कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढें आले. त्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ते कोणत्याही क्रीडासंघटनेचे पदाधिकारी म्हणून हें करीत नव्हते. एके काळीं आपल्या महाविद्यालयांत शिकलेला मुलगा परदेशीं जाऊन खेळणार आहे, एवढेंच त्यांस दिसत होतें.

आतां हेलसिंकीचा दिवस पाहा. २३ जुलै १९५२. जपानच्या शोहाची इशी यांच्याबरोबर खाशाबांची कुस्ती दीर्घकाळ चालली आणि ते हरले. दोन कुस्त्यांमध्यें निदान अर्ध्या तासाची विश्रांति मिळावी असा नियम होता. परंतु त्यांस लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशीं लढण्यास बोलावण्यांत आलें. त्या वेळीं नियमावर बोट ठेवून "आमच्या मल्लास विश्रांति द्या," असें म्हणणारा भारताचा एकही अधिकारी तेथें हजर नव्हता. थकलेले खाशाबा उभे राहिले आणि हरले. इशी यांस सुवर्णपदक मिळालें, मम्मदबेयोव यांस रौप्य, आणि खाशाबांस कांस्य. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

त्या अर्ध्या तासांत पदकाचा रंग पालटला असता कीं नाहीं, हा वाद निष्फळ आहे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या दिवशीं कोणीं खाशाबांचा अपमान केला नाहीं, कोणीं कठोर शब्द उच्चारला नाहीं, कोणीं लांच घेतली नाहीं. केवळ एक मनुष्य आपल्या जागेवर नव्हता. अधिकाऱ्याची गैरहजेरी ही सुद्धां एक असभ्यता आहे, हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. कारण तिला आवाज नसतो. इकडे गोळेश्वरकरांनीं आपल्या मल्लाची बैलगाड्यांतून मिरवणूक काढली, आणि खाशाबांनीं पुढें कुस्त्यांचे फड भरवून मिळालेल्या पैशांतून आपल्या प्राचार्यांचें घर सोडवून दिलें. सौजन्याचें ऋण असें फेडलें जातें.

दुसरा प्रसंग मुंबईचा, आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण त्यांत दोन्ही बाजूंस थोर माणसें आहेत. चर्चगेटजवळचें ब्रेबोर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें बांधलें आणि १९३७ सालच्या डिसेंबरांत तें खुलें झालें. मुंबईचे कसोटी सामने तेथेंच होत. परंतु मैदान क्लबाचें, आणि सामना भरविण्याची जबाबदारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनची, अशी ही विभागणी होती. यांतून तिकिटांचा तंटा निर्माण झाला. क्लबाचें म्हणणें असें कीं, प्रेक्षागार आमच्या सभासदांच्या बळावर उभें राहिलें, तेव्हां त्यांच्या आसनांवर प्रथम हक्क त्यांचा. असोसिएशनचें म्हणणें असें कीं, शहरांतील लहानमोठे क्लब आमचे घटक आहेत. वर्षभर मैदानें झाडून, जाळीं बांधून जे खेळ जिवंत ठेवतात, त्यांसच कसोटीच्या दिवशीं दाराबाहेर उभें राहावें लागावें काय? न्यायाच्या तराजूंत तोललें तर दोन्ही पारड्यांत वजन होतें.

क्लबाचे अध्यक्ष होते विजय मर्चंट, आणि असोसिएशनचे धुरीण होते बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे. वानखेडे हे मूळ विदर्भाचे. नागपूरचे महापौर, राज्याचे अर्थमंत्री आणि १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष अशीं पदें त्यांनीं भूषविलीं होतीं. १९७३ सालीं इंग्लंडविरुद्ध ब्रेबोर्नवर कसोटी सामना झाला, आणि त्यानंतर हा तंटा विकोपास गेला. दोघांची भेट झाली, परंतु बोलणें फिसकटलें. त्या भेटींत कोण काय बोललें, याच्या कथा आजही मुंबईंत रंगवून सांगितल्या जातात. मी त्या येथें सांगणार नाहीं. बंद दाराआडचे शब्द तिसऱ्याच्या तोंडून ऐकून त्यावर कोणाच्या शीलाचा निवाडा करणें हें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नाहीं.

जें सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें मात्र असें कीं, वानखेडे त्या भेटींतून बाहेर आले ते आपलें स्वतःचें मैदान बांधण्याचा निश्चय करूनच. ब्रेबोर्नपासून चालत कांहीं मिनिटांच्या अंतरावर, तरुण वास्तुशिल्पी शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार, सुमारें तेरा महिन्यांत नवें मैदान उभें राहिलें, आणि त्यास वानखेडे यांचें नांव मिळालें. १९७५ सालच्या जानेवारींत तेथें भारत आणि वेस्ट इंडीज यांचा कसोटी सामना झाला. ब्रेबोर्नवरील कसोटी क्रिकेट थांबलें तें २००९ सालच्या डिसेंबरांत श्रीलंकेचा संघ तेथें खेळावयास येईपर्यंत. एका शहरांतील दोन संस्थांमधील बोलणें तुटलें, आणि देशांतील एक सुंदर मैदान छत्तीस वर्षें कसोटी सामन्यांस मुकलें. नकार देण्याचा हक्क क्लबास होता, याविषयीं मला शंका नाहीं. पण नकार दिल्यावरही समोरचा मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हां बोलावयास येईल, एवढी वाट मोकळी ठेवणें हें कारभाऱ्याचें कौशल्य होय. ती वाट त्या दिवशीं बंद झाली.

तर मग विजय मर्चंट हे वाईट कारभारी होते काय? येथेंच आपली परीक्षा आहे. तरुणपणीं, १९३२ सालीं, राष्ट्रीय नेते तुरुंगांत असतां इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणें त्यांनीं नाकारलें. खेळाडू म्हणून प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१ हून अधिक धावांची, म्हणजे ब्रॅडमन यांच्या खालोखाल. उतारवयांत त्यांनीं अंध आणि अपंग बांधवांच्या कामास वाहून घेतलें, त्यांस नोकऱ्या मिळवून देण्यासाठीं खटपट केली. ज्यांच्याकडून परतफेडीची कसलीही आशा नाहीं अशांशीं वागण्याची जी कसोटी मीं आरंभीं सांगितली, ती त्यांनीं वर्षानुवर्षें उत्तीर्ण केली.

निवड-समितीचे प्रमुख म्हणूनही त्यांची पारख झाली. १९७१ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यासाठीं कर्णधार निवडतांना समितींत समसमान मतें पडलीं, आणि मर्चंट यांनीं आपलें निर्णायक मत पतौडी यांच्याऐवजीं अजित वाडेकर यांस दिलें. लगेच लोकांनीं हेतु चिकटविला: १९४६ सालीं थोरल्या पतौडींच्या हाताखालीं उपकर्णधार व्हावें लागलें, त्याचा सूड पंचवीस वर्षांनीं मुलावर उगविला! दुसऱ्याच्या मनांतील हेतु वाचण्याची विद्या आपल्यांतील इतक्या लोकांस अवगत असते याचें मला नेहमीं नवल वाटतें. कागदावर दिसतें तें इतकेंच कीं, त्यांच्या समितीनें तरुण खेळाडूंवर भरंवसा टाकला, आणि त्या वर्षीं भारतानें वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत जाऊन मालिका जिंकल्या. मालिका गमावल्या असत्या तरीही, मत उघडपणें देऊन त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेणें हा गुण गुणच राहिला असता.

वानखेडे यांच्याही बाबतींत तोच विवेक ठेवावा लागतो. ज्यास घर नव्हतें त्या संस्थेस त्यांनीं घर दिलें, आणि अपमानाचें उत्तर शिव्यांनीं न देतां विटा-सिमेंटनें दिलें, हें मोठेंच काम. पुढें १९८० पासून भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचें अध्यक्षपदही त्यांनीं सांभाळलें. परंतु त्या नव्या मैदानावरील पहिल्याच कसोटीची आठवण मला कधीं विसरतां आली नाहीं. मी तेव्हां शाळकरी मुलगा होतों, आणि मांडवींत ज्यांच्या घरीं रेडिओ होता त्यांच्या ओटीवर आम्ही दाटीवाटीनें बसलों होतों. क्लाइव्ह लॉइड यांच्या दोनशें धावा पुऱ्या झाल्या. एक मुलगा त्यांचें अभिनंदन करावयास मैदानांत धांवला, आणि पोलिसांनीं त्यास मारहाण केली. प्रेक्षक खवळले, जाळपोळ झाली आणि त्या दिवशींचा पुढील खेळ वाया गेला. तिकिटांच्या वादांतून, सामान्य क्रिकेटप्रेमी माणसाच्या हक्काच्या नांवानें जें मैदान जन्मास आलें, त्याच्या पहिल्याच सामन्यांत एका सामान्य प्रेक्षकास अशी वागणूक मिळाली. याचा दोष कोणा एका अध्यक्षाच्या माथीं मारतां येणार नाहीं. परंतु वास्तु तेरा महिन्यांत उभी राहते. तिच्या दारांवर, कुंपणाशीं, खिडकीपाशीं उभ्या असलेल्या माणसांत सौजन्य मुरावयास कितीतरी अधिक काळ लागतो, हें त्या दिवशीं दिसलें.

त्याच सामन्यांत एकनाथ सोलकर यांनीं १०२ धावा केल्या. कसोटी क्रिकेटमधील त्यांचें तें एकमेव शतक. सोलकर हे मुंबईच्या हिंदु जिमखान्यावर मैदानाची राखण करणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव, आणि १९६९ सालीं मर्चंट यांच्याच समितीनें त्यांस प्रथम कसोटी संघांत घेतलें होतें. एका कारभाऱ्यानें निवडलेल्या खेळाडूनें दुसऱ्या कारभाऱ्यानें बांधलेल्या मैदानावर शतक काढावें, आणि त्या दोघांत मात्र बोलणें तुटलेलें असावें! माणसांस पुरते चांगले आणि पुरते वाईट अशा दोन खणांत घालण्याची ज्यांस घाई असते, त्यांनीं या योगायोगाचा थोडा विचार करावा.

श्रोतेहो, हे मोठ्यांचे प्रसंग सांगून मी माझें पाऊल मागें घेतलें, तर तें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अनेक वर्षांपूर्वीं एका शालेय कबड्डी स्पर्धेचा मी चिटणीस होतों. सामन्याच्या वेळेपासून अर्ध्या तासांत जो संघ हजर होणार नाहीं, त्याच्या प्रतिस्पर्ध्यास पुढें चाल द्यावी, असा नियम होता. एका दूरच्या खेड्यांतील संघाची एस. टी. घाटांत बंद पडली. बारा मुलें आणि त्यांचे गुरुजी उन्हांतून कांहीं अंतर चालत, कांहीं अंतर दुसऱ्या गाडीनें असे येऊन पोंचले, तों पाऊण तास उलटून गेला होता. मीं पुढें चाल देऊन टाकली होती. ते गुरुजी माझ्या टेबलापुढें उभे राहिले आणि बोलूं लागले. मीं वहींतून मान वर केली नाहीं. "नियम वाचा," एवढे दोन शब्द मीं उच्चारले.

नियम बरोबर होता. आजही मी तोच निर्णय देईन. कारण वेळेवर येऊन उभ्या राहिलेल्या संघावर अन्याय करण्याचा मला अधिकार नव्हता. पण त्या गुरुजींचें बोलणें पुरतें ऐकून घेणें, मुलांस सावलींत बसविणें, सायंकाळीं मैदान मोकळें झाल्यावर त्यांचा एक मैत्रीचा सामना लावून देणें, हें सारें नियमाच्या आड येत नव्हतें. पुढल्या वर्षीं त्या शाळेचा प्रवेश-अर्ज आला नाहीं. त्याच्या पुढल्या वर्षींही नाहीं. बारा मुलांचा खेळ माझ्या दोन शब्दांनीं थांबला असेल काय, हा प्रश्न तेव्हांपासून माझ्याबरोबर आहे.

म्हणून आपणां सर्वांस माझें सांगणें आहे. आपल्यांतील कोणी शाळेच्या क्रीडासमितीवर असतील, कोणी जिमखान्याच्या, कोणी गल्लींतील मंडळाच्या. तेथें कारभारी निवडण्याची वेळ आली म्हणजे त्यानें किती चषक आणले हें अवश्य पाहा, परंतु ज्यांस त्यानें नाकारलें अशा दोघांतिघांस भेटून, "त्यांनीं तुम्हांस कसें परत पाठविलें?" असेंही विचारा. ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला तो मनुष्य जर म्हणाला कीं, "माझें काम झालें नाहीं, पण त्यांनीं मला बसवून कारण सांगितलें," तर त्या कारभाऱ्यावर खुशाल विश्वास ठेवा. आणि कोणाविषयीं एखादी तिखट गोष्ट कानावर आली, तर तिच्या शेजारीं त्याच्या दहा वर्षांच्या कामाची वही उघडून ठेवा, आणि मग बोला.

निवृत्तीनंतर मीं त्या गुरुजींचा पत्ता शोधून काढला आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागणारें पत्र लिहिलें. आठ दिवसांत त्यांचें पोस्टकार्ड आलें. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा. प्रकृतीची चौकशी करून त्यांनीं लिहिलें होतें: "गुरुजी, नियम तुमचा बरोबरच होता. मुलें हरल्याबद्दल रडलीं नाहींत. त्यांस तहान लागली होती, आणि पाणी कोठें आहे हें विचारण्याचें मला धैर्य झालें नाहीं, इतकेंच."